मागच्या खोलीतली शेगडी

मुलीला घेऊन मी सासरच्या गावी पोचले तेव्हा ती अठ्ठावीस दिवसांची होती आणि तिचं वजन अजून दोन किलो भरलं नव्हतं. दीड महिना आधीच जन्मली होती. धुळ्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काचेच्या पेटीत काढले तिनं. खरं तर पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माझी आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि वडील धुळ्यात दोन खोल्यांत एकटे राहत होते. ते म्हणाले, "मला चहा धड करता येत नाही, बाळंतीण काय सांभाळू?" नवरा सुरतेला कंपनीत. त्याची सुटी दवाखान्यातच संपली. म्हणून मी धरणगावजवळच्या त्या गावात सासूच्या ताब्यात गेले. ताब्यात हाच शब्द बरोबर आहे.

सासूला सगळं गाव अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात आमचं एकदाही पटलं नव्हतं. मी शाळेत शिकवणारी, धुळ्यातली. माझं बोलणं त्यांना पुस्तकी वाटायचं आणि त्यांचं साधं बोलणंही मला हुकूम वाटायचं. मुलगी लवकर झाली त्याचा दोष त्यांनी माझ्या नोकरीला दिला, तोही दवाखान्यात, बाजूच्या खाटांवरच्या बायका ऐकत असताना.

डिसेंबर संपत आला होता. उन्हाळ्यात भाजून काढणारा आमचा मुलूख थंडीतही सोडत नाही. सकाळी अंगणातल्या बादलीत हात घातला की बोटं वाकत नसत. घरात चांगली खोली एकच, दक्षिणेच्या खिडकीची, दिवसभर ऊन येणारी. ती आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. भाव चढेल म्हणून त्या वर्षी गावात घराघरात कापूस भरून ठेवला होता. मी म्हणाले, निम्मा कापूस दुसरीकडे हलवा, बाळाला ही खोली द्या. अक्का हसल्या. कापूस कुठे जाणार? आम्हाला मागची खोली मिळाली. फळ्यांचं दार, छताजवळ वीतभर झरोका, जमीन शेणानं सारवलेली आणि ऊन कधीच नाही.

दवाखान्यातून निघताना तिथल्या सिस्टरनं मला समोर बसवून सांगितलं होतं. "बाळाला नुसतं लंगोट, टोपी आणि मोजे घालायचे आणि तुझ्या उघड्या छातीवर उभं धरायचं. वरून शाल गुंडाळायची. लाइट गेली तरी तुझ्या अंगाची ऊब जात नाही. दर थोड्या वेळानं पोट आणि तळपाय हातानं बघायचे. पोट गरम आणि पाय गार लागले तर समज, तिला थंडी वाजतेय. दोन्ही गार लागले तर लगेच दवाखान्यात यायचं. आणि बंद खोलीत कोळसा पेटवायचा नाही. कुणी काही म्हणो."

नवऱ्यानं खोली गरम करायला विजेचा छोटा ब्लोअर घेऊन दिला होता. पहिले दोन दिवस तो बाजेपासून लांब ठेवून अधूनमधून चालवला. व्होल्टेज इतकं कमी की त्यातून गरम हवेपेक्षा आवाजच जास्त यायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी गावाच्या टोकाची डीपी, म्हणजे विजेच्या ट्रान्सफॉर्मरची पेटी, मोठा आवाज करून जळाली. अर्धं गाव अंधारात गेलं. लाइनमन आला, वर पाहिलं, म्हणाला, दुसरी येईपर्यंत थांबा. कधी येईल? त्याला माहीत नव्हतं. सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणत, दोनदा जाऊन विचारून आले आणि मग त्यांनीही नाद सोडला.

त्या संध्याकाळी अक्का लोखंडी शेगडी घेऊन आल्या. बाभळीचे निखारे लालबुंद फुललेले. त्यांनी ती बाजेखाली सरकवली, दार ओढून घेतलं, खालच्या फटीत गोधडी कोंबली आणि झरोक्यात बारदान. मी उठून दार उघडलं.

"अक्का, शेगडी इथं नको. दवाखान्यात नाही म्हणून सांगितलंय."

"तुन्हा दवाखाना आठे शे का?" त्या त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या. "लाइट नही, ऊन नही. पोरले ऊब नको का?"

"मी धरते ना तिला छातीशी."

"हां, माकडीनगत. घरमा सासरा शे, इतली तरी लाज ठेव."

मी शेगडी फडक्यानं धरून अंगणात नेऊन ठेवली. त्यांनी ती उचलून परत आणली. मी पुन्हा बाहेर ठेवली. दोन मोठ्या बायका एका शेगडीसाठी येरझारा घालताहेत, हे आबा ओट्यावरून बघत होते. शेवटी मला म्हणाले, "दोन दिवस तिचं ऐक, पोरी. डीपी आली का बठ्ठं निस्तरेल." अक्कांना ते काहीच बोलले नाहीत. त्या घरात अक्कांना कुणीच काही बोलत नसे.

पुढचे तीन दिवस आमच्यात तेच चाललं. मी गोधडी काढायची, त्या कोंबायच्या. मी झरोक्यातलं बारदान ओढायची, थोड्या वेळानं ते परत तिथं असायचं. शेगडी बाहेर गेली की भांडी आपटली जायची. मी मुलीला छातीवर घेऊन शाल गुंडाळून बसले की अक्का दारातून बघायच्या आणि आल्यागेल्या बाईला ऐकू जाईल असं काहीतरी बोलायच्या. मुलीचे तळपाय मात्र गरम होते. मी ते दिवसातून वीस वेळा बघायची आणि मनातल्या मनात त्यांच्यावर मात केल्याचं सुख घ्यायची. मला त्यांना हरवायचं होतं. बाळाला ऊब देणं आणि त्यांना हरवणं या दोन गोष्टी तेव्हा माझ्या डोक्यात वेगळ्या राहिल्याच नव्हत्या.

चौथ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "एवढा हट्ट का करता तुम्ही?"

तेव्हा पहिल्यांदा त्या माझ्याशी न चिडता बोलल्या. शेंगा फोडत बसल्या होत्या, मान वर न करता बोलल्या. त्यांची पहिली मुलगी याच खोलीत गेली होती. वीस दिवसांची होती, असेच थंडीचे दिवस होते. सकाळी उठून पाहिलं तर झोपल्यासारखीच, गाल गुलाबी, पण अंगात जीव नाही. त्यांना स्वतःलाही त्या सकाळी उलट्या होत होत्या, उभं राहता येत नव्हतं. ओली बाळंतीण म्हणून कुणी लक्ष दिलं नाही.

"शेगडी नव्हती का तेव्हा?" मी विचारलं.

"व्हती ना. पन दारले फट व्हती. तठून थंडी घुसनी."

माझा नवरा पुढे चैत्रात जन्मला, नणंद ज्येष्ठात. त्यांच्या वेळी शेगडीची गरजच पडली नाही. म्हणजे ती एक फट अक्का चाळीस वर्षं मनात धरून होत्या आणि माझ्या मुलीसाठी ती बुजवत होत्या.

मला ते ऐकतानाच कळलं. गुलाबी गाल, उलट्या, बंद खोली, निखारे. मी बोलले नाही. तेव्हा तरी नाही. त्यांची कीव आली का? थोडी आली असेल. पण जास्त वाटलं ते हे, की आता माझ्याकडे यांच्याविरुद्ध काहीतरी आहे.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि वारा सुटला होता. गल्लीतली एक म्हातारी मला तेल लावून आंघोळ घालायला रोज सकाळी यायची. न्हाणी अंगणाच्या पलीकडे. कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर पाणी तापलं, म्हातारीनं मला चोळायला घेतलं. तेवढा वेळ मुलगी अक्कांजवळ द्यावीच लागायची, दुसरं कुणी नव्हतं. मी जाताना बजावलं, "शेगडी आत नेऊ नका." अक्का मुलीला घेऊन आत वळल्या.

त्या दिवशी म्हातारीनं केसही धुतले. तासाच्या वर गेला. ओल्या केसांनी अंगणात आले तर मागच्या खोलीचं दार बंद. हाक मारली, उत्तर नाही. आधी मला रागच आला, मुद्दाम बोलत नाहीत म्हणून. दार ढकललं तर हलेना. आतून गोधडी दाबून बसवली होती. खांदा लावून रेटलं तेव्हा ते उघडलं आणि तोंडावर उकाडा आला. धूर नव्हता. वास नव्हता. शेगडी बाजेच्या पायाशी शांतपणे फुललेली. अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, मान एका बाजूला कललेली, डोळे अर्धे उघडे आणि मांडीवर माझी मुलगी. तिचा हात उचलला तर तो चिंध्यांच्या बाहुलीसारखा खाली पडला. गाल गुलाबी होते. इतके निरोगी गाल मी तिचे कधी पाहिले नव्हते.

मी तिला उचलून अंगणात पळाले, शाल तिच्याभोवती, तोंड मोकळं. "आबा!" म्हणून ओरडले. म्हातारीनं आणि आबांनी अक्कांना बगलेत धरून बाहेर ओढलं. अक्का अंगणात ओकल्या. "काय व्हयनं, काय व्हयनं," आबा एवढंच म्हणत होते. शेजारच्याची पिकअप दारात होती, कापसाची पोती उतरवायची राहिली होती, तशीच घेऊन निघालो, अक्का आणि आबा मागे पोत्यांवर. मी पुढे बसले, ब्लाउजची बटणं काढून मुलीला छातीशी धरलं, वरून शाल, नाकाशी बोट. चालवणाऱ्याकडे बघून लाज वाटायला मला वेळ नव्हता. रस्ता खड्ड्यांचा, प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, आता श्वास थांबला. अर्ध्या वाटेत ती रडली. मांजरीच्या पिलासारखा बारीक आवाज. आयुष्यात मी त्याहून चांगलं काही ऐकलेलं नाही.

जळगावच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेगडी होती का खोलीत?" मुलीला ऑक्सिजन लावला. अक्कांनाही बाजूच्या खाटेवर झोपवून मास्क लावला. तासाभरानं डॉक्टर मला आणि आबांना म्हणाले, "निखाऱ्यातून जो वायू निघतो तो दिसत नाही, त्याला वास येत नाही. बंद खोलीत तो साठतो आणि माणूस झोपेतच जातो. अजून अर्धा तास गेला असता तर दोघी हाती लागल्या नसत्या. मूल लवकर बाहेर काढलंत म्हणून वाचलं. आता ठीक आहे, पण दोन दिवस इथं ठेवू." आबा टोपी हातात धरून उभे राहिले.

संध्याकाळी मुलीनं दूध ओढलं. मी तिला घेऊन बसले होते आणि इतका वेळ आत दाबून ठेवलेली भीती हळूहळू संतापात बदलत होती. शेजारच्या खाटेवर अक्कांना जाग आली. त्यांनी मास्क बाजूला केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पोरले थंडी लागनी. तू उघडामा आनी म्हनीसन." म्हणजे मी तिला उघड्यावर आणली, म्हणून.

त्या क्षणी मी गप्प बसू शकले असते. खोलीत आणखी दोन पेशंट होते, आबा दारात होते. मी आवाज चढवला नाही. अगदी शाळेत मुलांना समजावते तशी, सावकाश, एकेक शब्द त्यांना कळेल असा बोलले.

"थंडी नाही लागली तिला, अक्का. शेगडीनं झालं. तुमची पहिली मुलगीही थंडीनं गेली नाही. तिचे गाल गुलाबी होते, तुम्हाला उलट्या होत होत्या. आठवतंय ना? फटीतून थंडी आली नव्हती. ती फट थोडी मोठी असती तर ती वाचली असती. तुम्ही मारली तिला. आज माझीही मारत होता."

अक्कांनी मास्क परत लावला नाही, तो हातातच राहिला, त्यातून हवेचा बारीक आवाज येत होता. आबा दारातून आत आले नाहीत. थोड्या वेळानं सिस्टरनं येऊन मास्क त्यांच्या तोंडावर बसवला, त्यांनी बसवू दिला. सकाळी डॉक्टरांनी त्यांना सोडलं आणि त्या कुणालाही न सांगता बस धरून गावी निघून गेल्या.

दोन दिवसांनी मी सरळ धुळ्याला वडिलांकडे गेले. वडिलांनी कुरकुर केली, पण खोली रिकामी करून दिली, ज्या बाजूला सकाळचं ऊन येतं ती. लाइट तिथंही जायची. थंडीची लाट आली की रोजच काहीतरी बिघडायचं. ब्लोअर गावीच राहिला होता, तो मी मागवलाच नाही. रबरी पिशवीत गरम पाणी भरून आधी अंथरूण तापवायचं, मुलीला ठेवायच्या आधी पिशवी काढून घ्यायची. खिडकी बोटभर उघडी. बाकीचा वेळ मुलगी माझ्या अंगावर. माझी पाठ धरली की वडील घ्यायचे. सत्तरीचा माणूस बनियन काढून आरामखुर्चीत बसायचा, छातीवर नात, वरून दोन शाली, आणि तोंडानं शिव्या. वीजवाल्यांना, सरकारला, माझ्या सासरच्यांना. "मी काय कोंबडी आहे का," म्हणायचे, पण मी परत घ्यायला गेले की म्हणायचे, "राहू दे आता, नुकती झोपलीय." मुलीचं वजन त्या खुर्चीतच वाढलं.

नवरा सुटीवर आला तो माझ्याशी भांडायलाच. आबांनी त्याला सगळं सांगितलं होतं. मुलीला हातात घेऊन तो रडला आणि मग म्हणाला, "शेगडीचं मी आईशी बोलतो. पण ते दुसरं तिला सांगायची काय गरज होती? चाळीस वर्षांनी?"

"खरं नाही का ते?"

"मी खरं-खोटं विचारलं का? गरज काय होती ते विचारलं."

मी म्हणाले, तुझी मुलगी मरत होती. तो म्हणाला, ती वाचल्यावर बोललीस तू. मी दुसऱ्याच गोष्टीवरून ओरडले, आणि तो दोन दिवस आधीच सुरतेला परत गेला. आमच्या संसारातले ते सगळ्यात वाईट महिने. अक्का जेवत नाहीत, मागच्या खोलीला कुलूप घातलंय, रात्री अंगणात बसून असतात, अशा बातम्या नणंदेकडून यायच्या. मी ऐकायची आणि फोन ठेवायची.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे लेकी माहेरी जातात. मला जायला माहेर धुळ्यातच होतं, पण मी सासरी गेले. नवऱ्यासाठी गेले. अक्कांसाठी गेले असं म्हणणं खोटं होईल. ऊन मी म्हणत होतं, मुलगी पाच महिन्यांची, गुटगुटीत झाली होती. अक्का चुलीपाशी पुरण वाटत होत्या. बारीक झाल्या होत्या. मुलीकडे बघून हात पुसले, पण पुढे केले नाहीत.

मी तिला आबांकडे दिली आणि अक्कांजवळ बसले. बसमध्ये पाठ केलेलं बोलले. "अक्का, दवाखान्यात मी बोलले ते चुकलं माझं. माफ करा."

त्या वाटत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू खोटं बोलनी व्हती का?"

मी पुरणाचं पातेलं त्यांच्यापुढे सरकवलं.

"डॉक्टरले मी इचारं," त्या म्हणाल्या. त्या सकाळी बस धरायच्या आधी त्या एकट्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. गुलाबी गाल, उलट्या, सगळं सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले हे त्यांनी मला सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. "खोटं नही ना? मंग माफी कसानी मांगस?"

"तसं बोलायला नको होतं."

"बोलाले पाहिजे व्हतं, म्हनीसन तर बोलनी तू," त्या म्हणाल्या. "आते रडू नको मन्हापुढे. पुरन वाटस का? नही तर ऊठ."

मी रडत नव्हते. तरी पाटा माझ्याकडे घेतला आणि वाटलं. नीट वाटलं गेलं नाही. त्यांनी ते काढून घेऊन पुन्हा वाटलं.

पुढच्या थंडीत नणंद त्याच घरी बाळंत झाली. तिनं मला फोनवर सांगितलं की कापसाची खोली अक्कांनी गड्यांना लावून एका दिवसात रिकामी करून घेतली. आबांनी विचारलं, कापूस कुठे ठेवायचा? "तुमना डोकावर," म्हणाल्या. लाइट गेली की त्या स्वतः चोळीची बटणं काढून नातवाला छातीशी घेऊन बसतात, कोण येतंय-जातंय बघत नाहीत. नणंद म्हणाली, "आई शेगडीचं नावसुद्धा काढू देत नाही. विचारलं तर अंगावर येते." माझ्या मुलीचं झालेलं तिला माहीत होतं, त्याच्या मागचं नाही. तिला मोठी बहीण होती एवढंच माहीत होतं. ती कशी गेली हे त्या घरात आम्हा चौघांखेरीज कुणालाच माहीत नाही, आणि चौघांपैकी कुणीच ते पुन्हा बोललेलं नाही.

माझी मुलगी आता शाळेत जाते. सुटीत आजीकडे जायला हट्ट करते. अक्का तिला शेतात नेतात, बोरं काढून देतात, अहिराणी शिकवतात. घरी आली की ती मला "काय करी ऱ्हायनी?" विचारते आणि नवरा हसतो. अक्का माझ्याशी कामापुरतं बोलतात. भाजी झाली का, बस कितीला आहे. मी त्यांच्याशी तेवढंच. आमचं पटलेलं नाही, आणि आता पटेल असं मला वाटत नाही.

मुलगी त्यांच्या गळ्यात पडते तेव्हा मला आजही आवडत नाही. ते न आवडणं योग्य नाही, हे मला कळतं. कळूनही ते जात नाही.